ढेकूण की पिसू? औषध फवारण्याआधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चावा बघून निकाल देणं. 'एका ओळीत तीन गांधी, म्हणजे ढेकूणच' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. पण तशी ओळ पिसवाही उठवतात, आणि काहींच्या अंगावर ढेकूण चावूनही काहीच उठत नाही. घोट्याभोवती चावे असतील तर संशय पिसवांवर, मान-दंडावर असतील तर ढेकणांवर. पण तो संशयच. खात्री किडा सापडल्यावर.

ढेकूण वरून चपटा, जवसाच्या दाण्याएवढा. उडी मारत नाही, नुसता चालतो. चिरडला की उग्र वास येतो. पिसू दोन्ही बाजूंनी चेपलेली, जेमतेम २-३ मिलिमीटरची. चिमटीत धरली तरी चिरडत नाही, निसटून उडी मारते. दिसत नसेल तर पांढरे मोजे घालून खोलीभर फिरा. मोज्यावर काळा ठिपका उडून बसला की समजायचं. ढेकणांसाठी टॉर्च घ्या आणि गादीची शिवण, पलंगाचे सांधे बघा. शाई सांडल्यासारखे बारीक काळे डाग म्हणजे त्यांची विष्ठा.

ढेकूण आहेत म्हणून कुत्र्या-मांजराला औषध लावू नका. ढेकूण अंगावर राहत नाही, रक्त पिऊन फटीत परततो. आणि वैतागून दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. अंथरुणाबरोबर तेही येतात.

पिसवांच्या बाबतीत लोक फसतात ते कोशामुळे. फवारणी झाली, आठवड्याने पुन्हा पिसवा, की 'औषध भेसळीचं' म्हणून मोकळे! खरं तर कोशातल्या पिसूपर्यंत औषध पोहोचतच नाही. ती आत महिनोन्‌महिने थांबते आणि पावलांच्या हादऱ्याने बाहेर पडते. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर काही आठवडे रोज फिरवा. त्याच्या हादऱ्यानेही कोश फुटतात. प्राण्याचं औषध मात्र पशुवैद्यालाच विचारून लावा, कुत्र्याचं मांजराला चालतंच असं नाही.

ढेकणांनी माणसांत रोग पसरवल्याचं सिद्ध झालेलं नाही. खाज आणि झोपेचं खोबरं, एवढाच त्यांचा जाच. पिसू तशी निरुपद्रवी नाही. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून दाखवलं. उंदीर मेला, गार पडला की पिसवा त्याला सोडून माणसाकडे वळतात. त्यामुळे घरात उंदीर आणि पिसवा दोन्ही असतील तर सापळे नंतर, पिसवांवरची फवारणी आधी.