मसाई वस्तीला भेट देताना या चुका टाळा

मुंबईहून केनियाला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या कार्यक्रमात मसाई मारा अभयारण्यातील सफारींबरोबर ‘मसाई गावाला भेट’, म्हणजे मसाई या पशुपालक जमातीच्या वस्तीला भेट, हा तासाभराचा भाग बहुधा असतोच. परतल्यावर मात्र अनेक जण म्हणतात की सगळे दिखाऊ होते आणि शेवटी माळा गळ्यात मारल्या. मला ही तक्रार अर्धीच खरी वाटते. आपण जातो ती वस्ती म्हणजे संग्रहालय नव्हे. तेथे कुटुंबे राहतात आणि मोबदला घेऊन काही वेळासाठी आपले घर परक्यांना दाखवतात. आपण तेथे पाहुणे असतो आणि गिऱ्हाईकही असतो. या दोन्ही नात्यांचा विचार निघण्यापूर्वी न केल्यामुळेच बहुतेक चुका होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे सगळा व्यवहार गाडीच्या चालकावर सोपवणे. मारा परिसरात प्रवेशासाठी माणशी साधारण २० ते ३० डॉलर मागितले जातात, पण रक्कम वस्तीगणिक बदलते. त्यातील मोठा वाटा मध्यस्थांकडे जातो आणि घरे दाखवणाऱ्या स्त्रियांच्या हाती फारसे काही लागत नाही, ही तक्रार जुनी आहे. म्हणून पैसे कोणाला द्यायचे, त्यात छायाचित्रे काढण्याची परवानगी धरली आहे का, आणि ते गावात कसे वाटले जातात, हे आदल्या दिवशीच विचारून घ्यावे आणि रक्कम शक्यतो वस्तीच्या प्रतिनिधीच्या हातात सर्वांसमोर द्यावी. आत गेल्यावर कोणी जादा पैसे मागितले, तर त्याच्याशी वाद न घालता ज्याच्याशी बोलणे झाले होते त्याच वडीलधाऱ्या माणसाला बोलावण्याची विनंती करावी. बहुतेक वेळा प्रश्न तेथेच मिटतो. शक्य असल्यास अभयारण्याला लागून असलेल्या नाबोईशो किंवा ओलारे मोटोरोगी यांसारख्या संवर्धन क्षेत्रांत मुक्काम करावा. तेथील जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची असून त्यांना तिचे भाडे मिळते, आणि स्थानिक वाटाडे शेजारच्या वस्तीत घेऊन जातात तेव्हा गर्दीही कमी असते.

दुसरी चूक वेळेची. दुपारी बारा वाजता गेलात तर गुरे चरायला गेलेली असतात आणि मोकळा गोठा तेवढा दिसतो. मसाई जीवन गुरांभोवती फिरते, त्यामुळे गुरे बाहेर पडण्याआधी सकाळी लवकर किंवा ती परतताना संध्याकाळी जावे. बाभळीच्या काट्यांचे गोल कुंपण, त्याच्या आतून कडेने घरे आणि रात्री मधल्या जागेत गुरे, अशी ही रचना का आहे, हे तेव्हाच नीट उमगते. वाटाडे ‘मन्याटा’ म्हणतात, पण तो शब्द मुळात मोरानांच्या, म्हणजे तरुण योद्ध्यांच्या, तळासाठी आहे. कुटुंबांच्या वस्तीला माआ या मसाईंच्या भाषेत ‘एन्कांग’ म्हणतात.

ही घरे स्त्रिया बांधतात. फांद्यांच्या सांगाड्यावर शेण आणि माती लिंपलेली असते, दार इतके ठेंगणे की वाकूनच आत जावे लागते, आणि आत चुलीचा धूर व अंधार असतो. डोळे अंधाराला सरावण्यापूर्वीच बाहेर पळणारे पर्यटक मी पाहिले आहेत, आणि नाकाला रुमाल लावणारेही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ज्यांच्या आजीने पाट मांडले, त्यांनी तरी असे करू नये. दम्याचा त्रास असल्यास तसे आधीच सांगून दाराशी बसावे. त्यात कोणाला अपमान वाटत नाही. दुधाचा तुंबा दिसला तर तो जळत्या काठीने आतून कसा धुरी देऊन स्वच्छ करतात, हे जरूर विचारावे. दूध पिण्याचा आग्रह झाला आणि ते उकळलेले नसेल, तर नम्रपणे नकार द्यावा.

बोलण्यातल्या चुका यापेक्षा अधिक बोचतात. ‘तुमच्याकडे किती गुरे आहेत?’ हा प्रश्न आपल्याला साधा वाटतो, पण गुरांची आणि मुलांची मोजदाद करणे मसाई परंपरेत अशुभ मानले जाते. शिवाय ते पाहुण्याने बँकेतली शिल्लक विचारण्यासारखे आहे. ‘तू सिंह मारलास का?’ हा प्रश्नही टाळावा. केनियात १९७७ पासून शिकारीवर बंदी आहे, आणि अंबोसेली भागात मसाई तरुण सिंहांच्या रक्षणाचे काम करतात. त्याऐवजी रात्री गुरांचे सिंहापासून रक्षण कसे करता, असे विचारून पाहावे. उत्तर लांबत जाते आणि ऐकण्यासारखे असते. अभिवादनासाठी ‘सोपा’ म्हणावे, त्याला ‘एपा’ असे उत्तर येते. ‘सोपा’ हा शब्द मराठी माणसाच्या लगेच लक्षात राहतो. लहान मूल समोर येऊन डोके वाकवते, तेव्हा ते वडीलधाऱ्यांना केलेले वंदन असते. तळवा हलकेच डोक्यावर ठेवावा.

उंच उड्यांच्या नाचाला, म्हणजे अदुमूला, ‘पर्यटकांचा तमाशा’ म्हणून उडवून लावू नये. आपल्यासमोर होतो तो त्याचा छोटा अवतार असतो, हे खरे. पण तो नाच मोरानांच्या समारंभांतून आलेला आहे, आणि एन्किपाटा, एउनोटो व ओल्न्गेशेर या पुरुषांच्या तीन संस्कारविधींचा समावेश २०१८ मध्ये युनेस्कोने तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत केला. नाचणाऱ्यांपैकी कोणाचा एउनोटो, म्हणजे मोरानांना प्रौढत्वाकडे नेणारा विधी, झाला आहे, एवढे विचारले तरी गप्पांचा सूर बदलतो. उडी मारायला बोलावले तर जावे. टाचा जमिनीला न टेकवता उडी मारणे किती कठीण आहे, हे मग कळते.

मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटणे थांबवावे. त्यामुळे गाडी दिसताच हात पसरण्याची सवय लागते. काही द्यायचेच असेल तर शाळेच्या शिक्षकांमार्फत वह्या द्याव्यात. घरून नेलेला चिवडा आणि लाडू प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधू नयेत, कारण २०१७ पासून केनियात अशा पिशव्यांवर कडक बंदी आहे.

खरेदीच्या वेळी खरेच घ्यायचे नसेल तर भाव विचारू नये. ज्या स्त्रीने माळ ओवली तिच्याकडूनच ती घ्यावी आणि रंगांचा अर्थ तिला विचारावा, म्हणजे लाल, पांढरा, निळा हे रंग का, ते ती सांगेल. शिलिंगच्या लहान नोटा जवळ ठेवाव्यात, कारण सुटे नसल्यामुळेच निम्मे गैरसमज होतात. लाकडी मुखवटे ही मसाई कला नव्हे. केनियातील लाकडी कोरीवकाम प्रामुख्याने कांबा लोकांचे आहे. भाला किंवा सोटा घेतलाच, तर तो विमानात हातातल्या सामानात चालत नाही.

छायाचित्र काढण्यापूर्वी प्रत्येक माणसाला विचारावे, मुलांच्या बाबतीत आईला. ‘फोटो पाठवतो’ असे म्हटले असेल तर वाटाड्या तरुणाचा व्हॉट्सअॅप क्रमांक तेथेच घ्यावा आणि मुक्कामाला पोहोचताच त्याच संध्याकाळी ते पाठवावेत. मुंबईत परतल्यावर ते राहून जातात.