लाईट, पाणी, गॅस अचानक बंद पडायच्या आधी घरात करून ठेवायची तयारी

सगळ्यात आधी एक काम करा, आणि ते दिवसाउजेडी करा. घरातल्या सगळ्यांना सोबत घ्या आणि पाण्याचा मेन कॉक कुठंय, लाईटचा मेन स्विच कुठंय, गॅस कुठून बंद होतो हे प्रत्येकाला हात लावून दाखवा, नुसतं "तिकडे मागे आहे" सांगून भागत नाही. आमच्याकडे एकदा रात्री दोन वाजता बेसिनखालचा पाइप निसटला, पाणी हॉलपर्यंत आलं आणि मेन कॉक माहीत असलेला एकटा माणूस नेमका बाहेरगावी. फोनवर विचारून बाथरूमच्या माळ्यावर सापडला तर खरा, पण चावी गंजून अशी बसलेली की हाताने हलेना, मग पाना शोधा, टॉर्च कोण धरणार, तोपर्यंत गाद्या भिजल्या. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला विचारते, तुमचा मेन कॉक कुठंय, आणि बहुतेक जण आधी गप्प होतात.

कॉक बघितलात की तो फिरवूनही बघा. लांब दांडी असलेला असेल तर दांडी पाइपच्या रेषेत म्हणजे पाणी चालू, पाइपला आडवी म्हणजे बंद, पाव फेऱ्यात काम होतं. गोल चाकाचा जुना असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने बरेच फेरे द्यावे लागतात, आणि परत पूर्ण उघडल्यावर थोडासा मागे आणून ठेवायचा म्हणजे तो त्याच जागी आवळून बसत नाही. वर्षातून दोनदा तरी असं उघड-बंद करा. घट्ट लागला तर जोर लावू नका, जुन्याचा दांडा हातात येतो आणि मग खरंच पूर येतो, प्लंबरला बोलवून बदलून घ्या. प्रत्येक कॉकला एक चिठ्ठी बांधा, "किचन", "गिझर", "पूर्ण घर" असं जाड पेनाने लिहून, पाहुणा आला तरी त्याला कळलं पाहिजे.

लाईटच्या बोर्डावर पण तसंच, कुठला एमसीबी, म्हणजे बिघाड झाला की आपोआप खाली पडणारा छोटा स्विच, कुठल्या खोलीचा ते लिहून ठेवा. त्यातच टेस्ट असं बटण असलेला एक स्विच असतो, शॉक लागायची वेळ आली तर तोच लाईट तोडतो, अधूनमधून ते बटण दाबून बघा, दाबल्यावर स्विच खाली पडलाच पाहिजे, नाही पडला तर इलेक्ट्रिशियनला दाखवा. एखादा एमसीबी वर केला की परत पडतोय तर सारखा वर करत बसू नका, कुठेतरी खरंच बिघाड आहे. आणि घरात पाणी शिरायची शक्यता असेल तर पाणी यायच्या आधी मेन स्विच बंद करा. एकदा पाण्यात उभं राहायची वेळ आली की बोर्डाला हात लावायचा नाही, बाहेर पडा आणि वीजवाल्यांना फोन करा.

गॅसचा वास आला तर सिलेंडर असो की पाइपचा गॅस, नियम एकच. कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळेला पडते. दारं-खिडक्या उघडा, हात पोचत असेल तर रेग्युलेटर किंवा व्हॉल्व्ह बंद करा, सगळे बाहेर व्हा आणि फोन बाहेर गेल्यावर करा. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून खालच्या बाजूने हवा जायला वाट हवी. पाइपचा नैसर्गिक गॅस हलका, तो वर चढतो. पाइपच्या गॅसचा मेन व्हॉल्व्ह एकदा बंद केलात तर परत आपण उघडायचा नाही, गॅसवाल्यांना येऊन तपासू द्या.

आता पाणी. उंच बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांच्या हे बऱ्याचदा लक्षातच येत नाही की लाईट गेली की पंप बंद, पंप बंद की टाकी भरत नाही, म्हणजे थोड्या वेळाने पाणीही जातं आणि लिफ्ट तर आधीच गेलेली असते. बिल्डिंगचं काम बघणाऱ्यांना आत्ताच विचारा की पंप जनरेटरवर चालतो का आणि भरलेली टाकी किती तास पुरते. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला 3-4 लिटर धरा, निदान तीन दिवसांचं झाकून ठेवा, आणि फ्लश-धुण्यासाठी वेगळ्या बादल्या भरा. पाणी गढूळ आलं तर आधी कापडातून गाळा, मग उकळा, उकळी फुटल्यावर 1 मिनिट पूर्ण खळखळू द्या, 2000 मीटरपेक्षा उंचावर राहत असाल तर 3 मिनिटं.

फ्रीजचं सोपं आहे, उघडू नका. न उघडलेला फ्रीज साधारण 4 तास गार राहतो, भरलेला फ्रीजर 48 तास आणि अर्धा भरलेला 24. घरी नसताना लाईट जाऊन आली असेल तर कसं कळणार, त्यासाठी एका कपात पाणी गोठवा, वर एक नाणं ठेवा आणि कप फ्रीजरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं तळाला गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळलं होतं, मग आतलं खाऊ नका, वास बरा येत असला तरी.

घरात ऑक्सिजनचं मशीन किंवा लाईटवर चालणारं दुसरं उपकरण असेल तर त्याची तयारी सगळ्यांच्या आधी. बॅकअप सिलेंडर किती तास चालतो ते कागदावर लिहा, वीज कंपनीकडे अशा पेशंटची नोंद घेत असतील तर करून टाका, आणि शेजारच्या एका घराला सांगून ठेवा. इन्सुलिन किंवा फ्रीजमध्ये ठेवायची औषधं बाहेर किती दिवस चालतात हे डॉक्टरांना आजच विचारा.

मेणबत्तीपेक्षा टॉर्च बरा, आणि तो रोजच्या एकाच जागी. पॉवर बँक महिन्यातून एकदा चार्ज करा. जनरेटर घरात, बाल्कनीत किंवा गॅरेजमध्ये अजिबात चालवू नका, खिडकीपासून निदान 6 मीटर लांब ठेवा, त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही, माणूस झोपेतच जातो. आणि जनरेटर घरच्या सॉकेटला जोडून वायरिंगमध्ये उलटा करंट सोडू नका, बाहेर खांबावर काम करणाऱ्या माणसाचा जीव जाईल.

लाईट गेल्यावर टीव्ही, एसी, कॉम्प्युटर, इस्त्री सगळ्यांचे स्विच बंद करा, एक दिवा चालू ठेवा म्हणजे आल्याचं कळेल. पाणी गेल्यावर उघडे राहिलेले नळ बंद करा, आणि साठवणीचा गिझर असेल तर तोही, टाकी रिकामी असताना तापला तर कॉइल जळते. लाईट आली की पाच मिनिटं थांबून एकेक वस्तू लावा. पाणी आलं की खालचा एक नळ सावकाश उघडा, फुरफुर करत हवा निघेल, लालसर पाणी येईल, ते स्वच्छ होईपर्यंत जाऊ द्या, मग गिझर.