नवे पॉवर व्हॉल्व्ह बसवल्यावर बायस असा लावा
बायस म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचं (करंट आवरणाऱ्या जाळीवरचं) ऋण व्होल्टेज; सिग्नल नसताना किती करंट वाहील ते त्यावर ठरतं. फिक्स्ड बायसच्या, म्हणजे हे व्होल्टेज वेगळं पुरवणाऱ्या गिटार अँपमध्ये ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची जोडी बदलली की बायस नव्याने लावावाच लागतो. स्पीकर जोडलेला, व्हॉल्यूम शून्यावर आणि एक हात खिशात ठेवा. आत ४५० व्होल्टच्या आसपास दाब असतो. अँप बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये उरतो.

कॅथोडला (व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) १ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावरचा १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. करंट किती ठेवायचा? ईएल३४च्या प्लेटची (इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या टोकाची) कमाल मर्यादा २५ वॅट. २५ वॅट भागिले प्लेट व्होल्टेज, त्याचे ७० टक्के: ४५० व्होल्टला प्रत्येक व्हॉल्व्हमागे सुमारे ३९ मिलिअँपिअर. ग्रिडवर सर्वाधिक ऋण व्होल्टेज ठेवून सुरुवात करा, ट्रिमपॉट (बायस कमीजास्त करणारा छोटा स्क्रू) अगदी हळू फिरवा. करंट वाढला की प्लेट व्होल्टेज उतरतं, म्हणून दहा मिनिटं तापू देऊन दोन्ही पुन्हा मोजा. प्लेट लाल होऊ लागली तर तत्काळ बंद करा. बहुधा ग्रिडपर्यंत ऋण व्होल्टेज पोचतच नाहीये.