जळालेला स्विमिंग पूल पंप बदलताना: आधी फिल्टर बघा, मग एचपी

वाई, पाचगणी, भिलार आणि कासच्या वाटेवरच्या फार्महाऊसमध्ये, कृषी पर्यटन केंद्रांत आता लहान पूल बऱ्याच ठिकाणी दिसतात. पंप जळाला की मालक साताऱ्याच्या दुकानात फोन लावतो: "एक एचपीचा जळाला, म्हणजे कमी पडत होता. दीडचा द्या." हा हिशेब उलटा आहे. पूलचा पंप बहुतेक वेळा कमी ताकदीमुळे जळत नाही. तो कोरडा चालल्याने, कमी व्होल्टेजने, ओलीने किंवा सील गळून पाणी मोटरीत शिरल्याने जातो. यातलं कारण तसंच राहिलं तर दीडचाही जाईल, आणि जाता जाता फिल्टरचीही वाट लावेल.

खरंच गेलाय का?

मेन एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा आणि मोटरीच्या मागच्या पंख्याचं कव्हर काढून शाफ्ट हाताने फिरवून बघा. सहज फिरतो, पण बटण दाबल्यावर मोटर नुसती घूं करते? सिंगल फेज मोटर असेल तर आधी कपॅसिटरवर संशय घ्या. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच व्होल्टचा नवा टाकला की बरेच पंप उठतात. जुना काढण्याआधी होल्डरमधल्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून तो रिकामा करा, कारण वीज बंद असतानाही तो झटका देतो. शाफ्ट फिरतच नसेल तर इम्पेलरमध्ये (पाणी फेकणाऱ्या चक्रात) खडा किंवा आंब्याची कोय अडकलेली असू शकते, किंवा बेअरिंग जाम झालेलं असेल.

पंप खडखडतोय म्हणजे बेअरिंगच गेलं, असं लगेच धरू नका. पंप चालू ठेवून डिलिव्हरीचा (पंपातून बाहेर जाणाऱ्या पाईपचा) व्हॉल्व्ह थोडा आवळा. आवाज कमी झाला तर सक्शनला, म्हणजे पाणी ओढणाऱ्या बाजूला, पाणी कमी पडतंय: जाळी तुंबलीय किंवा पाईप बारीक आहे. आवाज तसाच राहिला तर बेअरिंग.

पंप आणि मोटर यांच्या जोडाखाली पांढरे क्षाराचे ओघळ दिसले तर मेकॅनिकल सील (शाफ्टभोवती पाणी अडवणारं) गेलेलं आहे. वेळेत दिसलं तर फक्त सील बदलून भागतं. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने वाइंडिंग आणि बॉडीमधला इन्सुलेशन रेझिस्टन्स मोजून घ्या. तो १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर एकतर ओली आहे किंवा संपली आहे. पावसाळ्यात बंद राहिलेली मोटर नुसती ओली असू शकते. ती उघडून वाळवा आणि पुन्हा मोजा. जळका वास येत असेल आणि वाइंडिंग काळं पडलं असेल, तर मात्र लहान पंपाला रीवाइंडिंग करण्यात अर्थ नाही.

नवा केवढा घ्यायचा?

उदाहरणाला १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल पूल घेऊ. पाणी ७० घनमीटर, म्हणजे ७०,००० लिटर. घरगुती पूलचं सगळं पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावं, म्हणजे तासाला साधारण १२ घनमीटर.

आता फिल्टरकडे या. ६०० मिमी व्यासाच्या सँड फिल्टरचं आडवं क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर भरतं. वाळूतून पाणी तासाला ४० ते ५० मीटर वेगाने जावं असं धरलं, तर हा फिल्टर ११ ते १४ घनमीटर झेपवतो. आपले १२ त्यात बसतात. इथे दोन एचपीचा पंप लावून तासाला २५ घनमीटर ढकलले, तर पाणी वाळूत वाटा पाडून मळासकट पलीकडे निघतं. "मोठा पंप लावला तरी पाणी गढूळच" ही तक्रार इथूनच येते.

पाईपचंही तसंच. सक्शनमध्ये वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास ठेवायचा असतो. ६३ मिमीच्या पाईपमधून १२ घनमीटर पाणी सुमारे १.३ मीटर वेगाने जातं, ५० मिमीच्या पाईपमधून तेच २.२ मीटरने. जमिनीखाली ५० चीच पाईप असेल, तर मोठा पंप घेऊन पाणी वाढत नाही, फक्त आवाज आणि वीजबिल वाढतं.

शेवटी हेड, म्हणजे पंपाला जो दाब द्यावा लागतो तो, पाण्याच्या उंचीच्या मीटरमध्ये. जुना पंप चालत असताना स्वच्छ फिल्टरवर गेजमध्ये ०.७ बार दिसत असेल, तर ते ७ मीटर झाले. सक्शनचा १-२ मीटर तोटा आणि फिल्टर मळल्यावर वाढणारा दाब धरून १० ते १२ मीटर हेड समजा. दुकानदाराकडे पंपाचा कर्व्ह (कुठल्या हेडला किती पाणी, याचा आलेख) मागा आणि १० मीटरवर तो किती पाणी देतो ते बघा. आपल्या पूलला बहुतेकदा पाऊण ते एक एचपी पुरतो. "कमाल इतके लिटर" हा खोक्यावरचा आकडा शून्य हेडचा असतो, त्याला भुलू नका.

नेमप्लेटवर ५० हर्ट्झ लिहिलेलं हवं. ६० हर्ट्झसाठीचा आयात पंप आपल्या विजेवर हळू फिरतो: पाणी सहा भागांतले पाचच, दाब जेमतेम ७० टक्के, आणि मोटरही तापते.

आणखी एक, हे जिवाशी गाठ असणारं. पंप मोठा केला की तळाच्या मेन ड्रेनची ओढही वाढते. जाळीचं झाकण तेवढ्या प्रवाहासाठीचं नसेल, किंवा एकच ड्रेन असेल, तर लहान मुलाचे केस किंवा अंग तिथे धरलं जाऊ शकतं. तुटक्या झाकणाचा पूल एक दिवसही चालू ठेवू नका.

डोंगरावरचा फरक

समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. पाचगणीच्या १,३०० मीटर उंचीवर तो ८.८ च्या आसपास येतो. पंप पाणी "ओढतो" म्हणजे खरं तर हवेचा दाबच ते ढकलत असतो, म्हणून इथे दीड मीटरची ढकल आधीच कमी आहे. कोकणात पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवलेला पंप जसा चालतो, तसा तो इथे चालेलच असं नाही. शक्यतो पंप पातळीखाली बसवा. वर ठेवणं भागच असेल, तर सेल्फ-प्रायमिंग (पाईपमधली हवा स्वतः काढून पाणी ओढणारा) पंप घ्या आणि उंची व सक्शनची लांबी कमीत कमी ठेवा.

मोटरीचं रेटिंगही सहसा १,००० मीटर उंची आणि ४० अंश तापमान धरून दिलेलं असतं. वर हवा विरळ असल्याने मोटर कमी थंड होते, पण गार हवा ती भरपाई करते. पंपरूम बंद कपाटासारखी असेल तर मात्र करत नाही. दोन बाजूंना जाळीची खिडकी ठेवा.

जुना काढणं

वीज बंद केल्यावर एमसीबीवर टेप मारा, म्हणजे दुसरं कुणी चालू करणार नाही. वायरिंगचा फोटो काढा. स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढणारं तोंड), मेन ड्रेन, व्हॅक्यूम (तळ साफ करायच्या नळीचा) आणि रिटर्न (पूलमध्ये पाणी परत नेणारा) हे चारही व्हॉल्व्ह बंद करा. पंप पातळीखाली असेल आणि एखादा जुना व्हॉल्व्ह पाणी धरत नसेल, तर पंपरूम तळं होईल. आधी ड्रेन प्लग थोडा ढिला करून बघा, पाणी थांबतं का. थांबत नसेल तर पूलमधल्या तोंडांना रबरी बूच लावा.

युनियन (आटे फिरवून सुटणारे जोड) असतील तर खोलून पंप उचला. नसतील तर पाईप कापताना व्हॉल्व्हकडच्या बाजूला निदान १० सेंमी तुकडा राहू द्या. अगदी कडेला कापलं तर पुढचा जोड बसवायला जागा उरत नाही आणि व्हॉल्व्हच बदलावा लागतो.

नवा बसवणं

इथे सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट म्हणजे पाईपचा माप-घोळ. शेतीच्या पीव्हीसी पाईपचा बाहेरचा व्यास ६३ मिमी असतो, प्लंबिंगच्या दोन इंची यूपीव्हीसीचा ६०.३. पंपासोबत येणारी युनियन बहुधा मेट्रिक असते. ६० च्या पाईपवर ६३ चं सॉकेट सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा द्रव) भरून बसवलं, तर दोन महिन्यांत तिथूनच हवा धरते. कॅलिपरने मोजा आणि योग्य अडॅप्टर आणा.

सक्शनला पंपाच्या तोंडाशी लगेच एल्बो देऊ नका. एक फूट तरी सरळ पाईप हवी, नाहीतर पाणी इम्पेलरला वाकडं लागतं. मध्ये उंचवटा आला तर तिथे हवा साचते. पाईपला स्वतःचा आधार द्या, तिचं वजन पंपावर नको. पंपाखाली १० मिमी रबरी पॅड टाका. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, व्हॅसलिन नाही, कारण त्याने रबर फुगतं. सोल्युशनचे जोड दाबाला लावण्याआधी २४ तास सुकू द्या. महाबळेश्वरच्या पावसात दोन दिवस.

वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या, पण समोर उभे राहा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि बॉडीला अर्थिंग यांवर तडजोड नाही. घरापासून पंपरूम ६० मीटर असेल, तर दीड चौरस मिमीच्या वायरीत एक एचपी मोटर सुरू होताना ४० व्होल्टच्या वर गळतात. अडीचची वायर ओढा. थ्री फेज मोटरीच्या प्लेटवर "डेल्टा २३०, स्टार ४००" असेल तर पट्ट्या स्टारमध्येच हव्यात. डेल्टात जोडली तर मोटर काही मिनिटांत जळते. फिरण्याची दिशा बाणाशी जुळत नसेल तर कुठल्याही दोन फेज अदलाबदल करा. ओव्हरलोड रिले प्लेटवरच्या करंटला लावा आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा) बसवा.

पहिल्यांदा चालू करताना

जाळीच्या भांड्यात काठोकाठ पाणी भरा, झाकण घट्ट करा, सगळे व्हॉल्व्ह उघडा, मल्टिपोर्ट (फिल्टरवरचा अनेक वाटांचा व्हॉल्व्ह) "फिल्टर"वर आणा आणि फिल्टरचा एअर व्हॉल्व्ह ढिला ठेवा. मल्टिपोर्टचं हँडल पंप चालू असताना कधीच फिरवायचं नाही, आतलं गॅस्केट फाटतं. आता चालू करा. पाच मिनिटांत पाणी आलं नाही तर बंद करा, कारण सीलला पाण्याचाच गारवा लागतो. बहुतेक वेळा दोष झाकणाच्या ओ-रिंगमध्ये किंवा सक्शनच्या जोडात असतो. पारदर्शक झाकणाखाली सतत बुडबुडे दिसले तर शेव्हिंग क्रीमचा फेस जोडांवर लावून बघा. जिथे फेस आत ओढला जातो, तिथे हवा शिरतेय.

पाणी स्थिर झाल्यावर क्लॅम्प मीटरने करंट आणि मोटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. करंट प्लेटपेक्षा जास्त नको, व्होल्टेज २०७ च्या खाली नको. संध्याकाळी गावातला लोड वाढल्यावर पुन्हा मोजा, खरा आकडा तेव्हाच कळतो. स्वच्छ फिल्टरचा दाब भिंतीवर रंगाने लिहून ठेवा. त्यावर अर्धा बार वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून वाळू धुणं. जून ते सप्टेंबर पूल बंद ठेवलात तरी पंप रोज पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे वाइंडिंग ओल धरत नाही.