इच्छा कमी झाली म्हणून मेंदूचे सप्लिमेंट घ्यायचे असतील तर असे घ्या

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा मे म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, रात्री बारानंतरही कुलर गरम हवाच फेकून राहिला होता, झोप लागता लागता दोन वाजत, ऑफिसचं टार्गेट डोक्यावर, आणि बायकोजवळ जायची इच्छाच मरून गेली होती. शरीर ठीक होतं, प्रेमही होतं, पण डोकं तिथं हजरच नसायचं. तेव्हा मी जे केलं ते तुम्ही करू नका. अश्वगंधा, जिंकगो (एका झाडाच्या पानांचा अर्क), ब्राह्मी, माका (एका कंदाची पावडर) आणि वरून एक मल्टीव्हिटॅमिन, सगळं ऑनलाईन मागवलं आणि एकाच दिवशी सुरू केलं. दहा दिवसांत पोट बिघडलं, दिवसा झापड यायला लागली, आणि हे कशानं होऊन राहिलं तेच कळेना कारण पाच बाटल्या सोबतच चालू होत्या. नंतर डॉक्टरांना विचारून, वाचून, एकेक करून पाहिलं. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आधी हे समजून घ्या की डोक्याच्या गोळीचा आणि या इच्छेचा संबंध काय. अमेरिकेत लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्सी इन्स्टिट्यूटमधल्या बॅनक्रॉफ्ट आणि जॅन्सेन या संशोधकांनी मांडलंय की माणसाच्या मेंदूत इच्छेचा एक एक्सिलेटर असतो आणि एक ब्रेक असतो, दोन्ही वेगवेगळे. टेन्शन, भीती, थकवा, घरातलं भांडण, "आज जमेल का" ही धाकधूक, हे सगळं ब्रेक दाबतं. आपण काय करतो, तं ब्रेक दाबलेलाच ठेवून एक्सिलेटर पिळत बसतो. मेंदूसाठीच्या सप्लिमेंटचा उपयोग झालाच तर बहुतेक ब्रेक थोडा सैल करण्यात होतो, म्हणजे टेन्शन कमी, झोप बरी. एवढी अपेक्षा ठेवा. आणि इच्छा नसणं वेगळं, इच्छा आहे पण ताठरता येत नाही हे वेगळं. दुसरं असेल तर सप्लिमेंट सोडा आणि आधी हृदय, शुगर, बीपी तपासा, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास कधीकधी आधी तिथंच दिसतो.

म्हणून पहिलं काम रक्त तपासणी. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (हे एक हॉर्मोन), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), हिमोग्लोबिन, बी१२, व्हिटॅमिन डी, आणि पुरुष असाल तर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हॉर्मोन, ते पण सकाळी दहाच्या आत रक्त देऊन, कारण दिवस चढतो तसं ते उतरतं. शाकाहारी लोकांत बी१२ कमी निघणं आपल्याकडे नवीन नाही, शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही कमी होतं, आणि कमी असलं की थकवा, चिडचिड, विसरभोळेपणा येतो आणि आपण म्हणतो वय झालं. कमी निघालं तर ते भरून काढणं हेच तुमचं सगळ्यात कामाचं सप्लिमेंट. फक्त व्हिटॅमिन डीचं ६०,००० युनिटचं पाकीट मनानंच महिनोन्महिने घेत राहू नका, ते शरीरात साठतं. अजून एक, केसांच्या नाहीतर मल्टीव्हिटॅमिनच्या गोळीत बायोटिन असेल तर थायरॉइडचा आणि बाकी हॉर्मोनचाही रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, लॅबला सांगा आणि डॉक्टर म्हणतील तितके दिवस आधी बंद ठेवा.

याच वेळी चालू असलेल्या औषधांची यादी काढा. डिप्रेशनच्या, अ‍ॅन्झायटीच्या काही गोळ्यांनी इच्छा कमी होते, बीपीच्या काही गोळ्यांनीही होते, बायकांना गर्भनिरोधक गोळीनंही होऊ शकते. पण मनानं बंद नका करू भाऊ, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की असं होऊन राहिलं, ते डोस नाहीतर गोळी बदलू शकतात.

आता अश्वगंधा, कारण नव्वद टक्के लोक तिथंच येतात आणि मीही शेवटी तिच्यावरच थांबलो. २०१२ मध्ये आपल्याच देशात टेन्शन असलेल्या ६४ लोकांवर अभ्यास झाला, मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस, त्यात टेन्शन आणि कॉर्टिसॉल, म्हणजे टेन्शनचं हॉर्मोन, दोन्ही उतरले. २०१५ मध्ये ५० बायकांवर तोच डोस ८ आठवडे देऊन पाहिला तर त्यांच्या लैंगिक समाधानात सुधारणा दिसली. अभ्यास छोटे आहेत, त्यामुळे "हमखास" असं कोणी म्हणत असेल तर ऐकू नका. लेबलवर मुळाचा अर्क लिहिलेलं पाहा, विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधेतला कामाचा घटक, किती टक्के तेही पाहा. इतवारी बाजारातून चूर्ण आणणार असाल तर ते आणि कॅप्सूल एकाच मापाचे नाहीत, चूर्णाचा परंपरेतला डोस ३ ते ६ ग्रॅम आहे, दुधासोबत. मी रात्री जेवणानंतर घेतो, सकाळी घेतली की मला झापड येते. थायरॉइडची गोळी चालू असेल, लिव्हरचा त्रास असेल, झोपेची गोळी घेत असाल, पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल तर घेऊ नका, आणि शुगर-बीपीच्या गोळ्या असतील तर विचारून घ्या. लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस क्वचित पण खऱ्याखुऱ्या नोंदल्या गेल्यात. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज, असं काही दिसलं की त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरकडे.

ब्राह्मीचं सांगायचं तर ती डोक्यासाठी, ३०० मिलिग्रॅम अर्क, निदान १२ आठवडे, जेवणासोबत, नाहीतर पोट ढवळतं. इच्छेवर थेट परिणाम होतो असं मी कुठं वाचलं नाही. आपल्याकडे मंडूकपर्णीलाही ब्राह्मीच म्हणतात, म्हणून लेबलवर बॅकोपा, हे खऱ्या ब्राह्मीचं शास्त्रीय नाव, लिहिलंय का ते बघा.

जिंकगोचा गाजावाजा लय आहे. १९९८ मध्ये डिप्रेशनच्या गोळ्यांमुळे इच्छा गेलेल्यांवर एक अभ्यास झाला, निकाल जोरदार आला, पण त्यात डमी गोळीशी तुलनाच नव्हती. नंतर तुलना करून पाहिलं तं विशेष फरक निघाला नाही. वरून अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका. मी सोडून दिली. पेरू देशातल्या माकाचा २००२ चा अभ्यास बरा वाटला, त्यात ८ आठवड्यांनी पुरुषांची इच्छा वाढलेली दिसली आणि टेस्टोस्टेरॉन मात्र होतं तेवढंच राहिलं, म्हणजे जे झालं ते हॉर्मोन वाढून नाही झालं. पण आपल्याकडे महाग पडतो. खाजकुयलीच्या बिया, म्हणजे कौंच बीज, यात एल-डोपा असतं, जे पार्किन्सनच्या रुग्णांना औषध म्हणून देतात, तेव्हा मानसोपचाराची किंवा पार्किन्सनची औषधं चालू असतील तर तिला हातही लावू नका. बाकी कोणी घेणार असेल तर नागपुरात सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात दाखवून घ्या, दुकानदाराच्या सांगण्यावरून नको.

घ्यायची पद्धत अशी. एका वेळी एकच. सुरू करायच्या आधी दोन आठवडे काही न घेता वहीत रोज लिहा: किती तास झोपलो, टेन्शन दहापैकी किती, इच्छा दहापैकी किती. मग ८ आठवडे (ब्राह्मी असेल तर १२) एक गोष्ट, तेच लिहिणं चालू. मग महिनाभर बंद करून पुन्हा लिहा. बंद केल्यावरही आकडे तसेच राहिले तर ती गोळी काही करत नव्हती, पैसे वाचले. माझ्या वहीत सगळ्यात मोठा फरक कशानं दिसला माहीत आहे का, ज्या आठवड्यात साडेसहा-सात तास झोप झाली त्या आठवड्यानं. शिकागोत २०११ मध्ये १० तरुण पोरांना आठवडाभर रात्री फक्त ५ तास झोपू दिलं तर त्यांचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरलं होतं. म्हणून रात्री अकराला झणझणीत सावजी खाऊन, मोबाईल पाहत एकला झोपायचं आणि मग अश्वगंधा काम करत नाही म्हणायचं, हे बरोबर नाही.

आणि खर्रा, म्हणजे आपल्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण. हे मी कळवळून सांगतो कारण माझे अर्धे मित्र दिवसाला चार-पाच पुड्या खातात आणि रात्री कॅप्सूल घेतात. निकोटिननं रक्तवाहिन्या आवळतात, तंबाखूनं त्या हळूहळू खराब होतात आणि झोपेचंही वाटोळं होतं. एका हातानं खर्रा आणि दुसऱ्या हातानं सप्लिमेंट, यात सप्लिमेंट हरतंच.

विकत घेताना एक गोष्ट पक्की धरा, कोणतीही जडीबुटी अर्ध्या तासात असर दाखवत नाही. "नैसर्गिक" म्हणून दिलेल्या पुडीनं अर्ध्या-एक तासात चमत्कार झाला तर त्यात सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, मिसळलेलं असण्याची दाट शंका घ्या, अशा भेसळीची उत्पादनं अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, वारंवार पकडली आहेत. छातीत दुखतं म्हणून घरात कोणी सॉर्बिट्रेट ही हृदयाची गोळी घेत असेल आणि त्यानं अशी पुडी खाल्ली तर बीपी एकदम कोसळून जीवावर बेतू शकतं. भिंतींवर जे "मर्दाना ताकद" रंगवलेलं असतं ना, अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, ते वाचून कुठं जाऊ नका. डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर किंवा आयुर्वेदिक असेल तर उत्पादनाचा परवाना नंबर, आणि प्रत्येक घटकाचं वजन वेगवेगळं लिहिलेलं हवं. नुसतं "स्पेशल ब्लेंड" असेल तर ठेवा परत.

बायकोपासून लपवून घेऊ नका, हे माझं मत. मी पहिले दोन महिने लपवलं, आणि ती समजत होती की आता तिच्यात मन नाही राहिलं. वही दाखवली तेव्हा ती रडली आणि मग म्हणाली की तिलाही वर्षभरापासून काही वाटत नाही. तिचं हिमोग्लोबिन ९ निघालं. गोळ्या दोघांच्याही सोबतच सुरू झाल्या, तिच्या लोहाच्या, माझी अश्वगंधा, आणि रात्रीचं जेवण नऊच्या आत.

तीन महिन्यांत काहीच फरक नाही, किंवा सोबत उदास वाटतं, कशातच मन लागत नाही, असं असेल तर नवीन बाटली नका मागवू. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे, तिथं हा विषय रोजचा आहे, कोणी हसत नाही. जाताना वही, रिपोर्ट आणि घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत टाकून घेऊन जा, लेबल पाहिल्याशिवाय डॉक्टरला कळणार नाही तुम्ही नेमकं काय खाऊन राहिले ते.