थंडीने मुलांच्या अंगावर गांधी उठल्या तर काय करायचं

निफाडकडची थंडी काय असते ते नाशिकवाल्यांना सांगायला नको. डिसेंबरात सकाळी स्कूटीवर पुढे उभी राहून माझी लेक शाळेत गेली आणि उतरली तेव्हा गालावर, हाताच्या पंजांवर लाल फुगीर गांधी, नुसती खाजवत होती. घरी आल्यावर आजीने आमसूल भिजवून लावलं, तेही माठातल्या गार पाण्यात, तर गांधी अजून वाढल्या!

याला कोल्ड अर्टिकेरिया म्हणतात. आपण 'पित्त उठलं' म्हणतो पण पोटातल्या पित्ताशी याचा काही संबंध नाही, गारव्याने त्वचेतल्या पेशींमधून हिस्टामिन नावाचं खाज-सूज आणणारं रसायन सुटतं म्हणून हे होतं.

आधी मुलाला वाऱ्यातून आत घ्या, ओले कपडे काढा, अंग कोरडं करून पांघरूण द्या. शेकत बसू नका. अंगात ऊब येताना गांधी थोड्या जास्त दिसतात, तेवढ्याने घाबरायचं नाही.

मग लगेच मोबाईलवर फोटो काढा आणि किती वाजता उठल्या, कशाने उठल्या ते लिहून ठेवा, कारण बऱ्याचदा तासाभरात सगळं जातं आणि डॉक्टरांसमोर हात एकदम साफ असतो. डॉक्टर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बर्फ साधारण 5 मिनिटं हातावर ठेवून गांधी उठते का ते बघतात. ही टेस्ट घरी करू नका प्लीज. औषध बहुतेक सेटिरिझिनसारखं अ‍ॅलर्जीवरचं असतं, पण डोस मुलाच्या वयावर आणि वजनावर ठरतो, शेजारच्या मुलाची बाटली चालत नाही.

पायाची बोटं जांभळट होऊन सुजली आणि दिवसेंदिवस तशीच राहिली तर ते वेगळं, चिलब्लेन असू शकतं, तेही दाखवाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते हिवाळ्यातलं नाहीच. मे महिन्यात गावी विहिरीत उडी मारली की सगळं अंग एकदम गार पडतं, बीपी उतरून मूल पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय विहीर, नदी, स्विमिंग पूल काहीही नको. बर्फाच्या गोळ्याने ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली तर वाट न बघता 108 ला फोन करा, मुलाला आडवं करून पाय वर घ्या, दम लागत असेल तर बसू द्या.

आम्ही शाळेच्या डायरीत पहिल्याच पानावर लाल पेनने लिहून दिलंय, सहलीच्या आधी बाईंना परत फोन करते.