फिकट उबदार हिरवा रात्री करडा दिसतो? आधी बल्ब बदला

शेड कार्डवर पिवळसर, मऊ वाटणारा हिरवा भिंतीवर दिवसा छान दिसतो. दिवे लागले की तोच करडा आणि थंड होतो. रंगाचा तिसरा हात देऊन पाहिला, एक छटा फिकट घेतली, काहीच फरक नाही. फार वैताग आला.

कारण उजेडात होतं. केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जास्त तितका उजेड थंड; ६५०० केल्विनच्या एलईडीत निळा भाग जास्त असतो, त्यामुळे रंगातली पिवळी झाक दबते.

आधी खोलीतले सगळे बल्ब २७०० ते ३००० केल्विनचे बसवा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० किंवा जास्त. एकही थंड बल्ब ठेवू नका, नाहीतर एकाच भिंतीवर दोन रंग दिसतात. मग साधारण ६० बाय ६० सेंमीच्या पुठ्ठ्यावर पांढरा प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या. पूर्ण वाळल्यावरच पाहा, कारण ओलं इमल्शन बहुधा वेगळं दिसतं. पुठ्ठा भिंतीला उभा टेकवा, आडवा ठेवू नका. सकाळी, दुपारी आणि दिव्यात तपासा. अजून थंड वाटला तर तितकीच फिकट, पण पिवळ्याकडे झुकलेली छटा निवडा.

छताचा निळसर पांढराही बदला. त्याच्याशेजारी हा हिरवा मळकट दिसतो. किंचित क्रीम झाक असलेला पांढरा चालतो.